हेन्री रॉइस यांचा वारसा आणि तो सांभाळणारी धर्मादाय संस्था: एका प्रश्नाचे सविस्तर उत्तर

कोल्हापुरातील एका कुटुंबाने विचारलेला प्रश्न असा आहे. त्यांच्या दिवंगत आजोबांच्या यंत्रशाळेतील ड्रॉइंगचे गठ्ठे, ओतकामाचा साचा करण्यासाठीचे लाकडी पॅटर्न, पत्रव्यवहाराच्या फायली आणि आजोबांनी स्वतः घडवलेले एक इंजिन घरात आहे. इंग्लंडमध्ये रोल्स-रॉइस गाडीचे जनक हेन्री रॉइस यांच्या नावाने एक धर्मादाय संस्था चालते, हे त्यांच्या वाचनात आले. ही संस्था नेमके काय जपते, जुन्या गाड्या श्रीमंत संग्राहकांकडे उत्तम स्थितीत असताना अशा संस्थेची गरजच काय, आणि तिच्या कामातून आपल्याला काय घेता येईल, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे. तांत्रिक दस्तऐवजांच्या जतनाचे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट आधी सांगतो. जुन्या गाडीला बाजार असतो, त्यामुळे ती कोणीतरी विकत घेतो, पुसतो, रंगवतो, विम्याखाली ठेवतो. ती गाडी तशी का घडली हे सांगणाऱ्या कागदाला मात्र बाजार नसतो. कारखाना हलला, मालक बदलला किंवा कचेरीची जागा अपुरी पडली की सर्वांत आधी रद्दीत जातो तो कागद. अभियंत्याच्या वारशाचा गाभा त्या कागदांत असतो, आणि ज्याला विक्रीतून नफा नको आहे अशा हाती तो सोपवणे हेच अशा संस्थेचे खरे प्रयोजन आहे. रॉइस यांच्या बाबतीत हे विशेष स्पष्ट दिसते, कारण त्यांच्या कामाची पद्धतच तशी होती.

हेन्री रॉइस यांचा जन्म २७ मार्च १८६३ रोजी पीटरबरोजवळच्या ॲलवॉल्टन गावी झाला. वडील पिठाची गिरणी चालवत. व्यवसाय बुडाला आणि मुलगा नऊ वर्षांचा असताना ते वारले. वर्तमानपत्रे विकणे, तारा पोहोचवणे अशी कामे करत वाढलेल्या या मुलाला मावशीने पैसे दिले म्हणून ग्रेट नॉर्दर्न रेल्वेच्या पीटरबरो येथील कारखान्यात उमेदवारी मिळाली, पण पैसे संपल्यामुळे तीही अर्धवट राहिली. पुढे विजेच्या दिव्यांच्या कंपनीत काम करून १८८४ मध्ये त्यांनी मँचेस्टरच्या ह्यूम भागात कुक स्ट्रीटवर अर्नेस्ट क्लेअरमाँट यांच्या भागीदारीत छोटी कार्यशाळा काढली. घंटा, दिवे, डायनॅमो, विजेच्या क्रेन असा त्यांचा माल होता. मोटारीकडे ते चाळिशीत वळले. त्यांनी एक जुनी, दोन सिलिंडरची फ्रेंच डेकोव्हिल गाडी विकत घेतली, ती सुटी केली आणि तिचा प्रत्येक भाग कसा सुधारता येईल हे ठरवत स्वतःच्या तीन गाड्या बांधल्या. त्यांतील पहिली १ एप्रिल १९०४ रोजी रस्त्यावर आली. त्याच वर्षी ४ मे रोजी मँचेस्टरच्या मिडलँड हॉटेलात दोघांच्याही परिचयाचे हेन्री एडमंड्स यांनी त्यांची लंडनमधील मोटार-विक्रेते चार्ल्स रोल्स यांच्याशी गाठ घालून दिली, आणि मार्च १९०६ मध्ये रोल्स-रॉइस लिमिटेड ही कंपनी नोंदली गेली.

त्या तीन रॉइस गाड्यांपैकी एकही आज अखंड उरलेली नाही. कुक स्ट्रीटची कार्यशाळाही पाडली गेली. या गाड्यांविषयी जे काही खात्रीने सांगता येते ते छायाचित्रे, नोंदी आणि समकालीनांच्या लेखनामुळे. अभियंत्याच्या आयुष्यातील पहिला आणि म्हणून सर्वांत बोलका टप्पा बहुधा असाच हरवतो, कारण तेव्हा तो प्रसिद्ध नसतो आणि त्याचे टिपण जपून ठेवावे असे कोणाला वाटत नाही. आपल्या आजोबांच्या बाबतीतही सुरुवातीच्या वर्षांचे कागद सर्वांत आधी शोधा.

आता ड्रॉइंग आणि पत्र यांतील फरक पाहू. १९०६ च्या अखेरीस ४०/५० अश्वशक्तीची गाडी आली. तीच पुढे 'सिल्व्हर घोस्ट' या नावाने ओळखली गेली. तिच्या आधी रॉइस यांनी सहा सिलिंडरची ३० अश्वशक्तीची गाडी केली होती आणि तिच्या लांब क्रँकशाफ्टमध्ये (पिस्टनची वर-खाली हालचाल फिरतीत बदलणाऱ्या दांड्यात) पिळाचे कंपन होऊन तो तुटण्याचा त्रास होत असे. नव्या इंजिनात त्यांनी तीन-तीन सिलिंडरचे दोन ठोकळे केले, क्रँकशाफ्ट जाड केला, त्याला सात बेअरिंगचा आधार दिला आणि दाबाने तेल पोहोचवण्याची सोय केली. ड्रॉइंगमध्ये क्रँकशाफ्टचा व्यास दिसतो. तो व्यास एवढाच का, हे आधीच्या इंजिनाचे अपयश ठाऊक असल्याशिवाय समजत नाही. त्याच प्रकारे चेसिसची, म्हणजे गाडीचा सारा भार पेलणाऱ्या खालच्या भागाची, चौकट रिव्हेट मारून जोडण्याऐवजी रॉइस यांनी निमुळत्या बोल्टांचा आग्रह धरला, आणि प्रत्येक छिद्र रीमरने हाताने नेमके करून तो बोल्ट बसवला जाई. हे काम वेळखाऊ आणि महाग होते, परंतु सांधा सैल होत नसे. केवळ बोल्टाचे माप जपले आणि तो बसवण्याची रीत हरवली, तर पुढच्या पिढीचा दुरुस्ती करणारा तिथे साधा बोल्ट ठोकून मोकळा होईल आणि त्यात काही चुकले आहे असे त्याला वाटणारही नाही.

रॉइस यांच्या वारशात पत्रांना एवढे वजन येण्याचे आणखी एक कारण आहे. १९११-१२ च्या सुमारास ते गंभीर आजारी पडले, मोठी शस्त्रक्रिया झाली, आणि त्यानंतर कंपनीच्या डर्बी येथील कारखान्यात ते फारसे फिरकले नाहीत. हिवाळ्यात दक्षिण फ्रान्समधील ल कॅनाडेल, इंग्लंडमध्ये आधी केंटच्या किनाऱ्यावरील सेंट मार्गारेट्स बे आणि १९१७ पासून ससेक्समधील वेस्ट विटरिंग असा त्यांचा मुक्काम राहिला. सोबत आरेखकांची छोटी तुकडी असे. एल्मस्टेड या वेस्ट विटरिंगच्या घरातून आणि जवळच्या स्टुडिओतून ड्रॉइंग व टिपणे डर्बीला जात आणि तिथून चाचण्यांचे अहवाल परत येत. कारखान्यात समोरासमोर उभे राहून जे तोंडी सांगितले जाते आणि हवेत विरते, ते सारे इथे कागदावर आले. पहिल्या महायुद्धात ईगल हे बारा सिलिंडरचे विमान-इंजिन याच रीतीने घडले. कंपनीचे व्यवस्थापक क्लॉड जॉन्सन यांना या पत्रांचे मोल तेव्हाच कळले, हे मला फार मोठे वाटते. त्यांनी पहिल्या विमान-इंजिनांविषयीची रॉइस यांची टिपणे खासगी स्वरूपात छापून अभियंत्यांच्या हाती दिली, आणि कारखान्यात त्या पुस्तकाला 'बायबल' म्हटले जाऊ लागले. जून १९१९ मध्ये ॲल्कॉक आणि ब्राउन यांनी अटलांटिक महासागर प्रथमच न थांबता ओलांडला तो ईगल इंजिनांवर. दोन ईगल इंजिने आज संग्रहालयात शेजारी ठेवली तर त्यांच्यातील फरक पाहणाऱ्याच्या डोळ्यांना दिसेल. एकातून दुसरे कसे आले याचा तर्क फक्त त्या पानांत सापडतो.

२२ एप्रिल १९३३ रोजी वेस्ट विटरिंग येथे रॉइस वारले. कंपनी जोरात होती, मर्लिन या विमान-इंजिनाचे काम सुरू होते, आणि अशा वेळी कोणी म्हटले असते की वारसा सांभाळायला वेगळी संस्था हवी, तर ते अनावश्यक वाटले असते. ४ फेब्रुवारी १९७१ रोजी आरबी२११ या जेट इंजिनाच्या खर्चाखाली हीच कंपनी दिवाळखोरीत निघाली. विमान-इंजिनांचा भाग सरकारने ताब्यात घेतला. मोटारींचा भाग वेगळा होऊन १९८० मध्ये व्हिकर्सकडे गेला. १९९८ मध्ये क्रू येथील मोटार कारखाना फोक्सवॅगनने घेतला, परंतु रोल्स-रॉइस हे नाव मोटारींसाठी वापरण्याचा हक्क विमान-इंजिन कंपनीने बीएमडब्ल्यूला दिला, आणि २००३ पासून या नावाच्या गाड्या गुडवुड येथे बनू लागल्या. थोडक्यात, नाव एकाकडे, जुना कारखाना दुसऱ्याकडे, इंजिनांची परंपरा तिसऱ्याकडे अशी वाटणी झाली. डर्बीच्या नाइटिंगेल रोडवरील मूळ कारखान्याचा बहुतांश भागही पुढे पाडण्यात आला. यात कोणाचा दुष्टपणा नाही. कंपनी ही भागधारकांची असते आणि तिला जे विकावे लागते ते ती विकते. म्हणून "कंपनी आहे ना, ती जपेल" या समजावर मी कोणालाही विसंबू देत नाही.

सर हेन्री रॉइस फाउंडेशन ही संस्था या पार्श्वभूमीवर समजून घ्यावी. १९५७ मध्ये स्थापन झालेल्या रोल्स-रॉइस एन्थुझिअ‍ॅस्ट्स क्लब या गाडीप्रेमींच्या संघटनेशी तिचे निकटचे नाते आहे आणि नॉर्थॅम्प्टनशरमधील पॉलर्सपरी गावातील हंट हाऊस हे दोघांचे ठिकाण. क्लब सभासदांसाठी असतो. धर्मादाय संस्था मात्र कायद्याने सार्वजनिक हिताला बांधलेली असते, तिची उद्दिष्टे लेखी ठरलेली असतात, हिशेब लोकांना पाहता येतात आणि विश्वस्तांना मालमत्ता आपसांत वाटून घेता येत नाही. क्लबचा उत्साह आणि न्यासाचे बंधन अशी ही जोडी आहे. एकट्या क्लबच्या हाती संग्रह असता तर सभासदांच्या एका ठरावाने तो विकता आला असता, आणि एकट्या न्यासाकडे तो असता तर तो वापरणारी, प्रश्न विचारणारी माणसे भोवती कमी राहिली असती. विमान-इंजिने आणि कामगारांच्या आठवणी यांसाठी रोल्स-रॉइस हेरिटेज ट्रस्ट ही निराळी संस्था आहे, हेही इथेच सांगतो, कारण दोन्ही नावांत वाचकांची गल्लत होते.

हंट हाऊसमधील सर्वांत मोलाचा ठेवा म्हणजे कारखान्याच्या मूळ चेसिस नोंदी. त्या काळी रोल्स-रॉइस कंपनी फक्त चेसिस विकत असे; वरचा सांगाडा गिऱ्हाईक आपल्या पसंतीच्या कोचबिल्डरकडून बांधून घेई. म्हणून प्रत्येक चेसिसच्या नावाने क्रमांक, इंजिन क्रमांक, पहिला खरीददार, कोचबिल्डर, चाचणी आणि रवानगी अशी माहिती लिहिली जाई, आणि गाडी कुठे चालणार यावर स्प्रिंगांचा ताठपणा, स्टिअरिंगचा कल अशा सूचनाही दिलेल्या असत. वसाहतींतील खडबडीत रस्त्यांसाठी जमिनीपासून अधिक उंच आणि अधिक मजबूत अशी वेगळी बांधणी असे. भारतीय वाचकांच्या दृष्टीने या नोंदींना वेगळे मोल आहे. १९०८ मध्ये 'पर्ल ऑफ द ईस्ट' या नावाची ४०/५० गाडी मुंबईत आली, मुंबई-कोल्हापूर अशा सुमारे ६२० मैलांच्या चाचणीत सह्याद्रीचे घाट चढली-उतरली आणि पुढे ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी ती घेतली. आपल्याच गावाच्या रस्त्यावर ही परीक्षा झाली होती, हे आपल्याला आवडेल. संस्थानांच्या विलीनीकरणानंतर अशा कित्येक गाड्या देशाबाहेर गेल्या, सांगाडे बदलले, इंजिने अदलाबदल झाली. कोणत्या संस्थानाची गाडी कोणती, हे वाड्यातील दंतकथेवरून ठरत नाही. कारखान्याच्या नोंदीवरून ठरते.

इथे एक धोका आहे आणि त्याविषयी माझे मत ठाम आहे. जुन्या गाडीची किंमत तिच्या मूळपणावर ठरते, म्हणून लिलावाआधी मालक अशा संस्थेकडे 'ही गाडी अस्सल आहे' असे प्रमाणपत्र मागू लागतो. संस्थेने तसे कधीही देऊ नये. तिने आपल्याकडील नोंदीची खरी प्रत द्यावी, कागदावर जे लिहिले आहे तेवढेच सांगावे, आणि समोर उभी असलेली गाडी त्या नोंदीशी जुळते की नाही हा निर्णय पाहणाऱ्यावर सोडावा. ज्या दिवशी दफ्तर सांभाळणारा किंमत ठरवण्यात भागीदार होतो त्या दिवशी त्याच्या दफ्तरावरचा विश्वास उडायला सुरुवात होते.

दुसरे मत गाड्या गोळा करण्याविषयी. नव्या न्यासांना देणगी मिळाली की पहिली इच्छा एखादी गाडी घेण्याची होते, कारण ती दाखवता येते. गाडीला छत, तेल, टायर, विमा, जाणता मेकॅनिक असे सारे कायमचे लागते, आणि ती चालवायची म्हटली की झिजलेला मूळ भाग काढून नवा बसवावा लागतो. म्हणजे ती चालती ठेवताना तिच्यातील पुरावा थोडाथोडा नाहीसा होतो. चालत्या यंत्राचा आवाज ऐकणे हाही ज्ञानाचाच भाग आहे, हे मी मान्य करतो. पण मग काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी बांधून ठेवला पाहिजे, नव्या भागावर वर्ष कोरले पाहिजे, आणि एकमेव नमुना असेल तर तो सुरू करण्याचा मोह टाळला पाहिजे. आपल्या आजोबांचे इंजिन एकच आहे; ते सुरू करू नका. आतले जुने तेल व पाणी काढा, सिलिंडरमध्ये गंजरोधक तेल घाला, अधूनमधून क्रँक हाताने सावकाश फिरवा आणि उघड्या धातूवर पातळ ग्रीस ठेवा.

कागदांची काळजी त्याहून नाजूक आहे आणि आपल्याकडे चुका होतात त्या इथेच. लॅमिनेशन करू नका. उष्णतेने चिकटलेले प्लास्टिक पुन्हा निघत नाही. सेलोटेपही लावू नका, त्याचा गोंद पिवळा पडून कागदात मुरतो. जुन्या ट्रेसिंग क्लॉथवर स्टार्चची खळ असते आणि पाण्याच्या एका थेंबाने ती विरघळते, त्यामुळे ओल्या फडक्याने धूळ पुसणे म्हणजे ड्रॉइंग पुसणे होय. मऊ, कोरडा ब्रश पुरतो. निळ्या ब्लूप्रिंट उजेडात फिकट होतात आणि क्षारयुक्त कागदात गुंडाळल्या तरी रंग सोडतात, म्हणून 'आम्लरहित' म्हणून बाजारात मिळणारे सर्वच कागद त्यांना चालत नाहीत. क्षार न मिसळलेला उदासीन कागद मागून घ्या. अमोनिया प्रिंट (अमोनियाच्या वाफेने काढलेल्या ड्रॉइंगच्या प्रती) तर शेजारच्या कागदालाही डाग पाडतात, त्या सगळ्यांपासून वेगळ्या ठेवा. काचेच्या निगेटिव्ह आडव्या थरात रचल्यास खालच्या तडकतात. त्या लांब कडेवर उभ्या ठेवाव्यात. व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या फिल्मचे विघटन सुरू झालेले असते, ती तातडीने वेगळी काढून तिची प्रत करून घ्यावी. आणि हा सारा संग्रह तळमजल्यावर ठेवू नका. पंचगंगेच्या २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर हे कोल्हापूरकरांना समजावण्याची गरज नाही. पावसाळ्यात हवेतील आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशी धरते, म्हणून खोली बंद करून ठेवण्यापेक्षा हवा खेळती ठेवणे आणि आर्द्रता मोजत राहणे अधिक उपयोगी पडते.

स्कॅनिंग करताना प्रत्येक ड्रॉइंगशेजारी मोजपट्टी ठेवा, कारण कागद आर्द्रतेने आकसतो-फुगतो आणि स्कॅनमध्येही प्रमाण बदलू शकते. माप घ्यायचे ते लिहिलेल्या आकड्यावरून, रेषेवरून मोजून नव्हे. लाकडी पॅटर्नबाबत धातू कोणता हे लिहून ठेवा. ओतीव धातू थंड होताना आकसतो, म्हणून पॅटर्न मूळ भागापेक्षा मोठा केलेला असतो, बिडासाठी साधारण एक टक्का. ही नोंद नसेल तर पुढे कोणी पॅटर्नचेच माप भागाचे माप समजेल. गठ्ठे विषयवार लावण्याची घाई करू नका. आजोबांनी एखादे पत्र एखाद्या ड्रॉइंगमध्ये गुंडाळून ठेवले असेल तर त्या सोबतीलाच अर्थ आहे. आधी जसे आहे तसे छायाचित्र घ्या, क्रमांक द्या, मगच उलगडा. आणि त्या यंत्रशाळेतील जे टर्नर, फिटर, मोल्डर आज हयात आहेत त्यांच्यासमोर ती ड्रॉइंग ठेवून त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करा. रॉइस यांची कारणे पत्रांत उतरली कारण ते कारखान्यापासून दूर होते. आपले आजोबा रोज यंत्रशाळेत उभे राहून काम करत, त्यामुळे त्यांची कारणे या माणसांच्या आठवणीत आहेत. कागद आणखी एक वर्ष थांबू शकतील, पण या कारागिरांच्या आठवणी तेवढा वेळ थांबतीलच असे नाही, म्हणून माझ्या मते हे काम इतर सर्वांच्या आधी व्हावे.

शेवटी कायद्याचा भाग. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय आयुक्तांकडे न्यास नोंदवता येतो. त्याच्या कलम ३६ नुसार न्यासाची स्थावर मालमत्ता विकायला आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. पण ड्रॉइंग, पत्रे, इंजिन ही सारी जंगम मालमत्ता आहे, तिला हे कलम संरक्षण देत नाही. म्हणून संग्रहातील वस्तू विकता, गहाण ठेवता किंवा विश्वस्तांना देता येणार नाहीत, आणि न्यास बंद पडल्यास सर्व संग्रह समान उद्दिष्टाच्या सार्वजनिक संस्थेकडे जाईल, ही दोन वाक्ये न्यासपत्रातच लिहून घ्या. कागदाची मालकी आणि त्यावरील मजकुराचा लेखाधिकार (कॉपीराइट) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भारतात लेखाधिकार साधारणपणे कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, तेव्हा सर्व वारसांकडून दोन्ही हक्कांचे लेखी हस्तांतरण घ्यावे, आणि दुसऱ्याने लिहिलेल्या पत्रांवर त्या पत्रलेखकाचा हक्क राहतो हे ध्यानात ठेवावे. विश्वस्त मंडळात कुटुंबीय असावेत, पण बहुमत त्यांचे नसावे. एक अभियंता, एक अभिलेखपाल आणि एक सनदी लेखापाल बाहेरचे घ्या. स्वतंत्र न्यास चालवण्याइतका वार्षिक खर्च उभा राहणार नसेल, तर संग्रह एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाकडे किंवा विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे लेखी कराराने सोपवावा. त्या करारात वर्गीकृत सूची किती काळात तयार होईल, अभ्यासकांना कागद कधी पाहता येतील आणि संस्थेने ते टाकून द्यायचे ठरवल्यास आधी कुटुंबाला कळवणे बंधनकारक राहील, या तीन गोष्टी स्पष्ट असाव्यात. सूचीची एक प्रत कुटुंबाकडे ठेवा आणि दरवर्षी तिच्याशी संग्रह पडताळून पाहण्याचा हक्कही करारात मागून घ्या.